सुनंदाचा गुडघा

१२ जानेवारी, रविवार
परत आल्यावर आज पहिल्यांदा चर्चमध्ये गेलो. आठ दिवस घरातच दडून होतो. मागच्या बाकावर बसलो तरी पाळकसाहेबांनी हेरलंच. "सर, दीड वर्षाच्या सेवेले गेले होते ना झांबियात? पाचच महिन्यांत वापस?" सगळी मंडळी वळून पाहू लागली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सुनंदाचा गुडघा. चालवतच नव्हतं तिला.

कुठून आलं तोंडात, देव जाणे. बायकोचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. तिकडे रोज दोन-तीन मैल चालत दवाखान्यात जायची.

पाळकसाहेबांनी तिला प्रार्थनेसाठी उभं राहायला सांगितलं. ती बाकाला धरून हळूहळू उठली, खरंच दुखत असल्यासारखी. माझी लाज राखायला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ जाने.
 आज पोळ्या लाटताना सु. म्हणाली, "काहून बोलले तसं?"
"निघून गेलं तोंडातून."
"मंग तुमच्या गुडघ्याचं काहून नाही निघालं?"
 पेपर वाचत बसलो.

१६ जाने.
खरं काय ते इथे तरी लिहावं. तिकडे मला कोणी विचारत नव्हतं, बस्. सु. जन्मभर नर्स. सकाळी सहापासून बायका तिच्यासाठी दारात. मी रिटायर्ड हेडमास्तर, तरुणांचा बायबल-वर्ग घ्यायला गेलेला. पहिल्या रविवारी नऊ जण आले, मग तीन, मग मी आणि फळा. गावात माझी ओळख काय, तर नर्सबाईचा नवरा. अख्खी नोकरी पोरं मला पाहून उभी राहिली, आणि तिकडे...

रुसलो. जेवणावर राग काढला. शेवटी तिला न विचारता तिकडच्या मिशनच्या प्रमुखांना सांगून टाकलं की आम्ही जातो. तिला सांगायला गेलो तेव्हा तिच्या हातात कोणाचं तरी चार दिवसांचं बाळ होतं. "आत्ताच?" एवढंच म्हणाली, आणि बाळाला पुसत राहिली.

देवाची सेवा करायला गेलो होतो म्हणे. मान हवा होता.

१९ जाने., रवि.
दुपारी महिला मंडळ घरी. सात जणी. पाळीपाळीनं गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना. एक मावशी रामटेकहून तेल घेऊन आली होती, तिनं स्वतः चोळून दिलं. चहा मी केला. मावशी म्हणाली, "किती करता हो सर तुम्ही. असा नवरा नशिबानं भेटते वं बाई."
सु. म्हणाली, "हो ना, लय करतात."
माझ्याकडे पाहिलं नाही तिनं. मी बराच वेळ कपबशाच विसळत होतो.

२२ जाने.
तिचं संध्याकाळचं फिरणं बंद. आमच्या प्रताप नगरात चर्चच्या मंडळीतली चार घरं, कोणी पाहिलं तर? भाजीला जाते ती कोपऱ्यापर्यंत लंगडत. म्हटलं, मी आणतो. म्हणाली, "राहू द्या. तेवढंच घराबाहेर पडनं होते."

२५ जाने.
कळमेश्वरला आपल्या चर्चचं मोफत आरोग्य शिबिर, पुढच्या शनिवारपासून दर शनिवारी. पाळकसाहेब घरी येऊन सांगत होते. सु. खुर्चीत पुढे सरकून बसली. ते म्हणाले, "सिस्टर, पहिलं नाव तुमचंच होतं. पण गुडघा पाहा. दुसरी कोणी शोधून राहिलो."
तिनं नुसती मान हलवली.
गेटपर्यंत सोडायला मीच गेलो होतो. तिथे सांगता आलं असतं. गेटची कडी लावली आणि परत आलो. तिचं काम दुसऱ्यांदा हिसकावलं मी.

१ फेब्रु., शनि.
सकाळी सु. पांढरी साडी नेसली, बीपीचं मशीन तिनं पिशवीत टाकलं. "येते." चर्चसमोर शिबिराची गाडी उभी. झपझप चालत गेली आणि सरळ चढून बसली. महिला मंडळातल्या सगळ्या बघतच राहिल्या म्हणे.

दुपारी पाळकसाहेबांचा फोन. आवाज भरून आलेला. "सर, चमत्कार झाला. उद्या उपासनेत तुम्ही साक्ष द्या, देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा." मी हो म्हणालो. हो म्हणालो!

सु. संध्याकाळी दमून आली, पण चेहरा किती दिवसांनी मोकळा. चमत्काराचं तिनंही ऐकलं होतं. म्हटलं, असंच राहू दिलं तर तुला दर शनिवारी जाता येईल. खरं सांगितलं तर तूही खोटी ठरशील.
म्हणाली, "ठरन तर ठरन. माह्या कामासाठी देवाच्या नावानं खोटं बोलू नका. तुमच्या इज्जतीसाठी बोलाचं असन तर बोला, पण मले मधात आणू नका."

२ फेब्रु., रवि., सकाळी
साक्ष लिहून काढली. दोन पानं. चांगली झाली आहे, लोक रडतील. एक शब्द खरा नाही.

सु.ला वाचायला दिली. तिनं चष्मा लावून सगळी वाचली, घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. "चला, उशीर होऊन राहिला." बस् तेवढंच. ऑटो दारात उभा आहे, ती बसलीसुद्धा.

खरं सांगायचं असेल तर कागदच लागत नाही. दोन वाक्यं आहेत. सकाळपासून म्हणून पाहतोय, पाठ होत नाहीत.