दुकानाच्या हिशोबातलं बाळ

३ मार्च, मंगळवार

पुन्हा आलं! तेच सुपरमार्केटचं गुलाबी पाकीट. 'अभिनंदन, आई! तुमचं बाळ आता पाच महिन्यांचं झालं. पालथं पडू लागलं का?' आणि खाली डायपरवर सूट.

बाळ! ते गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यातच गेलं. डॉक्टरीणबाईंना कळलं, ह्यांना कळलं, सासूबाईंना कळलं. दुकानाच्या मशीनला तेवढं कळत नाही.

मी आणि ह्यांनी ठरवलं होतं, इतक्यात कुणाला सांगायचं नाही. मग मी काय केलं? चाचणीची पट्टी घेतली, गोळ्या घेतल्या, बिनवासाचा साबण घेतला आणि काउंटरवर पॉइंट मिळतात म्हणून मूर्खासारखा मोबाइल नंबर सांगितला. खरेदीवरून मशीनने ताडलं आणि थोड्याच दिवसांत पहिलं पाकीट घरी. सासूबाईंनी फोडलं. "घरातली गोड बातमी आम्हाला दुकानाने सांगावी होय!" संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत डंका. पुढे तीच बातमी एकेकाकडून परत घेताना माझी काय दशा झाली, ते माझं मला माहीत.

५ मार्च

दुकानात जाऊन आले. मॅनेजर म्हणतो, "ताई, आम्ही नाही पाठवत, मशीन पाठवतं." म्हटलं, मग मशीनला सांगा, बाळ नाहीये म्हणून. "तसं सांगायची सोय नाही. कार्ड बंद करता येईल, पण माहिती मुख्य ऑफिसात राहतेच. शिवाय तुमचे पॉइंट जातील." पॉइंट! वर हसला — "कागदच आहे ना ताई, फाडून टाकायचा."

ह्या माणसाचे शर्ट दर आठवड्याला मी कामाला आहे त्या लाँड्रीत येतात. कॉलरला चिठ्ठी मी टाचते. शर्ट न्यायला आला की सुटे पैसे माझ्याच हातून घेतो. आज समोर उभी होते, तर ओळखलंसुद्धा नाही! तळपायाची आग मस्तकात गेली.

६ मार्च

ह्यांना सांगितलं. "सोड ना आता. किती दिवस तेच." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

९ मार्च

आमच्या मालकीणबाईंचा एक नियम आहे — गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी. खिशात काहीही सापडो — सिनेमाची तिकिटं, औषधाची चिठ्ठी, एकदा तर भलतीच्याच कानातलं — पाकिटात घालायचं आणि मुकाट परत द्यायचं. इतक्या वर्षांत मी कुणाविषयी ब्र काढलेला नाही.

मॅनेजरच्या पावतीवर त्याच्या बायकोचा नंबर आहे. शर्ट टाकायला तीच येते. तिचंही कार्ड असणारच, नवऱ्याच्याच दुकानाचं! लाँड्रीतला नंबर लाँड्रीबाहेर न्यायचा नसतो. मी आज पाठ करून नेला.

१० मार्च

किती सोपं! काउंटरवरच्या पोरीने मान वर न करता विचारलं, "नंबर?" मी घडाघडा सांगितला. "पॉइंट जमा झाले, मॅडम." बस्स. तू कोण, कुठली, हा नंबर तुझाच का — काही नाही.

चाचणीची पट्टी, गोळ्या, बिनवासाचा साबण. जे जे मी घेतलं होतं तेच. आता दर आठवड्याला थोडं थोडं. काट्याने काटा काढायचा.

त्याच्या बायकोचं काय चुकलं, असं येताना मनात आलं. मग माझं काय चुकलं होतं?

२ एप्रिल

माझं पाकीट. सहा महिने. 'बाळाला उशीच्या आधाराने बसवून पाहा.' सासूबाईंच्या हाती लागू नये म्हणून हल्ली मीच आधी दाराशी जाते. वाचू नये, तरी वाचते. मगच फाडते.

आज त्याच्या बायकोच्या नंबरवर डायपरचा मोठा गठ्ठा घेतला. दुकानातून थेट आमच्या इस्त्रीवाल्या मावशींच्या नातीला. मावशी म्हणाल्या, "अगं, एवढं कशाला?" म्हटलं, राहू द्या, मला पॉइंट मिळतात.

१८ एप्रिल

मॅनेजर स्वतः शर्ट घेऊन आला! चुरगळलेले, पिशवीत कोंबलेले. दाढी वाढलेली. मी चिठ्ठ्या टाचतेय आणि हा आपणहून माझ्यापाशी रडगाणं गातोय. "घरी काय काय पाकिटं येतायत, ताई! अभिनंदन काय, बाळ काय! आमच्या दोन्ही मुली कॉलेजात. बायको म्हणते, माझ्या कार्डावर डायपर कोण घेतं? कुणाचं मूल पोसताय?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, मशीन पाठवतं. तर म्हणाली, मला शिकवू नका. माहेरी गेलीये."

"कागदच आहे ना," मी म्हटलं. "फाडून टाकायचा."

त्याने पावती खिशात घातली. नाही, ओळखलं नाहीच. घरी येताना इतकी खूश होते की रिक्षा केली.

४ मे

सात महिने. 'रांगायला लागलं असेल, कपाटांना कड्या लावा.' ह्यांनी बघितलं. बोलतील तर शपथ.

१६ मे

जिंकले! मॅनेजर आज सांगत होता — मुख्य ऑफिसात जाऊन भांडला, नोकरी सोडतो म्हणाला, तेव्हा कुठे वरची माणसं हलली. बाळांची यादीच पुसून टाकली. त्याच्या एकट्याची नाही, सगळ्यांची. बायकोही परत आली म्हणे. "माझ्या घरात घुसले, म्हणून कळलं हो ताई."

म्हणजे मी तोंडाने सांगितलं ते कळलं नव्हतं. स्वतःच्या अंगाशी आल्यावर कळलं! खोड मोडली. येताना पावतीवरचा त्याच्या बायकोचा नंबर शेवटचा म्हणून पाहिला आणि विसरायचं ठरवलं. आज शांत झोप लागेल.

३ जून

पाकीट आलं नाही.

सकाळपासून किती वेळा दाराशी जाऊन आले. सासूबाई म्हणाल्या, कुणाची वाट बघतेस? ह्या घरात माझ्या बाळाचे महिने कुणीच मोजत नव्हतं. ते मशीन तेवढं मोजत होतं. ते मीच पुसायला लावलं.

दुपारी मावशींना विचारलं, "आठ महिन्यांचं मूल काय करतं हो?"

"धरून उभं राहतं," मावशी म्हणाल्या. "का गं?"