मैदान नदीकाठचं, मैदान बाजारातलं

अण्णा, तुम्हाला लिहायचं म्हणजे वेडेपणाच आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझी पोरगी रांगत होती, आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. पण काल नदीकाठी जे झालं ते सांगायला मला दुसरं माणूस नाही. ह्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "झालं ना चांगलं? मग कांदे चिर आता." म्हणून दुपारचं गिऱ्हाईक संपल्यावर शटर अर्धं ओढून बसले आहे. सातवीपर्यंतचं माझं अक्षर, तुम्हाला तसंही लागलं नसतं.

इथे जपानात, इचिकावात आमचं छोटं हॉटेल आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही होता तेव्हा हे दुसऱ्याच्या हॉटेलात तंदूर सांभाळायचे. आता तोयोसुच्या ऑफिसांतल्या आपल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना दुपारी पोळीभाजीचे डबे जातात, आणि संध्याकाळी जपानी लोक नान खायला येतात. पोरगी इथेच जन्मली. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, आणि भांडण असलं की दोघी आपापल्या भाषेत जोरात. ती रग्बी खेळते. चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी धरून आपटायचं. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, ही तर चेंडू घेऊन कबड्डी. त्यातही दोन प्रकार आहेत म्हणे. पंधरा जणांची रग्बी इथे लोक टीव्हीवर बघतात, तिकिटं काढून स्टेडियम भरतात. आमच्या पोरीची तेरा जणींची, रग्बी लीग म्हणतात तिला, ती शेजारच्या माणसालाही माहीत नाही. देशाच्या संघात आहे म्हटलं की केवढं वाटतं, पण संघाला धड ऑफिस नाही. मीटिंगा आमच्याच हॉटेलात, मागच्या टेबलावर, करी खात खात होतात.

गेल्या खेपेला बाहेरच्या देशाचा संघ आला तेव्हा संघवाल्यांनी मोठं स्टेडियम घेतलं होतं. दोन गाड्या बदलून गेलो. मी डबे भरून नेले होते, लोक येतील, विकू. कसले लोक? खेळणाऱ्यांचे आईबाप, दोनचार ऑफिसातले मित्र, आणि एक म्हातारा, जो बहुतेक चुकून शिरला होता. बाकी नुसत्या निळ्या खुर्च्या, रांगाच्या रांगा. माईकवरचा माणूस पोरीचं नाव घ्यायचा आणि ते नाव समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचं. आम्ही टाळ्या वाजवल्या तर आमच्याच टाळ्यांची आम्हाला लाज वाटली. मला तेव्हा तुम्ही आठवलात. मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने देणारा माणूस तुम्ही, तुम्ही आल्या आल्या अर्ध्या खुर्च्या उचलायला लावल्या असत्या. "कनात आत घे. मोकळी खुर्ची दिसली की बसलेलं माणूसपण उठतं." पन्नास माणसांची सभा भरलेली दाखवायची तुमची हातोटी. पण त्या स्टेडियमची कनात आत कशी घेणार?

यंदा फिजीच्या मुली येणार होत्या. मीटिंगला संघाचा सेक्रेटरी आला, बारीकसा माणूस, बोलण्याआधी दोनदा वाकतो. तो म्हणाला, स्टेडियम नको, एदोगावा नदीच्या काठचं मैदान घेऊ. त्या दिवशी तिथे मात्सुरी आहे. मात्सुरी म्हणजे आपली जत्रा, ढोल, खाण्याचे स्टॉल, पोरंबाळं. मैदानाला लागून नदीचा उंच बांध आहे, लोक त्या उतारावर बसतील. तिकीट नाही, कुंपण नाही.

पोरगी तडकली. "ते लोक याकिसोबा खायला येणार. आम्हाला बघायला नाही."

"खाता खाता बघतील," सेक्रेटरी म्हणाला.

"स्टेडियममध्ये आम्ही देशाचा संघ वाटतो. तिथे वाटेवर आम्ही कोण? मिसेमोनो!"

मिसेमोनो म्हणजे तमाशा, अण्णा. डोंबाऱ्याचा खेळ. आणि मग ती माझ्याकडे वळली. मी हातात ताटं घेऊन उभी. वर्षातून दोनदा तिच्या तोंडून मराठी निघतं, ते तेव्हा निघालं. "आई, तूच सांग यांना. आजोबांनी तुला बाजारात खेळवलं ते सांग."

ही गोष्ट तिला मीच सांगत आले आहे. ती लहान असल्यापासून. माझं खेळणं का सुटलं, तर तुझ्या आजोबांमुळे.

बाजारातल्या त्या खेळाच्या आदल्या वर्षी आमच्या मुलींच्या कबड्डीचे सामने हायस्कूलच्या मैदानात झाले होते, गावाबाहेर. बघायला दोन मास्तर आणि कुणाची तरी सुटलेली शेळी. तुम्ही म्हणालात, यंदा सामने बाजाराच्या मैदानात, आणि तेही बाजाराच्या दिवशी. आई म्हणाली, "पोरी अर्ध्या चड्डीत खेळणार, भर बाजारात?" तुम्ही कर्णा झाडाला बांधत होता, दातात सुतळी. तोंडातून सुतळी न काढताच म्हणालात, "रिकाम्या मैदानात जिंकली तर जिंकली हे सांगणार कोण? शेळी?" आणि बाजार लोटला. हातगाड्यांवर माणसं उभी, पोत्यांवर पोरं, भाजीवाल्या बायका तागडी हातात धरून वळून बसलेल्या. शिट्ट्याही होत्या, नाही म्हणत नाही. मी चढाईला जाते, मला पकडतात, तंगड्या वर, चड्डी उसवते, आणि अख्खा बाजार हसतो. एक जण ओरडतो, "मंडपवाल्याच्या पोरीचाच मंडप पडला रे!" तो हशा अजून माझ्या कानात आहे.

घरी आल्यावर आई भाकरी थापत होती आणि तुम्ही पाटावर बसला होता. मी दारातच ओरडले, "तुम्ही मला बाजारात मांडलंत. वांग्यांसारखं. या, बघा, दाबून बघा!" आईचा हात थांबला. मला वाटलं आता कानाखाली बसते. तुम्ही मारलं नाही. "तोंड सांभाळ," एवढंच म्हणालात, आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून उठलात. दाराशी गेल्यावर मागे न बघता विचारलंत, "पहिली चढाई कशी वाटली?" मी उत्तर म्हणून पातेलं आपटलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही शहरातून माझ्यासाठी गुडघ्याला बांधायचे पट्टे आणलेत. लाल, जाड, आत कापूस भरलेले. गावात कुणाकडे तसले नव्हते. मी ते चुलीवरचं पातेलं उतरवायला घेतले. एक या हातात, एक त्या हातात. रोज, तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही रोज जेवलात आणि एक शब्द बोलला नाहीत. वर्षभरात ते काळे पडले, त्यांना आमटीचा वास यायला लागला, मग आईने फेकून दिले. तोवर माझं लग्न ठरलं होतं. सामने तुम्ही पुढे बरीच वर्षं बाजारातच भरवलेत म्हणे, मुलींचेसुद्धा. मी माहेरी यायचे तर मुद्दाम ते दिवस टाळून यायचे. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे होते, पोरगी अंगावर पिणारी, येणं जमलं नाही. कधी बोलणं झालं नाही आपलं त्यावर. मला वाटायचं आहे वेळ, तुम्हीच काढाल विषय. तुम्ही एकदा काढला होता, तो मी पातेल्यात घालवला.

तर मी ताटं घेऊन उभी, आणि पोरगी वाट बघते आहे की आई आता आपली बाजू घेणार. माझ्या डोळ्यांपुढे त्या निळ्या खुर्च्या आल्या. मी माझ्या मोडक्या जपानीत म्हणाले, "कावा. नदी. नदीकाठीच घ्या."

सेक्रेटरी मला बघून वाकला, म्हणून मी आणखी चिडले. पोरगी उठली. "तुला तिथे स्टॉल लावायचा असेल, म्हणून," ती म्हणाली. जपानीत म्हणाली, म्हणजे सगळ्यांना कळावं.

"हो, लावणारच आहे," मी म्हणाले. "वडे पण तळणार आहे."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. सरावाला जायची, यायची, जर्सी टोपलीत टाकायची, मी धुवायची. एक दिवस म्हणाली, मी खेळणारच नाही बहुतेक. हे वाक्य मी ऐकलेलं होतं. मीच बोलले होते ते, त्याच वयात, त्याच तोऱ्यात. अण्णा, तुम्ही त्या वेळी माझी समजूत का घातली नाहीत यावर मी इतकी वर्षं चिडून होते. आता कळलं, काय घालणार? मीही घातली नाही. मी पुन्हा कांदे चिरायला लागले.

काल ती आली. बाकीच्या मुलींबरोबर, मान खाली. माझ्या स्टॉलसमोरून गेली आणि बघितलं नाही. बांधावर माणसंच माणसं, अण्णा. कुणी कुत्रं घेऊन, कुणी सायकल आडवी टाकून, बियर पिणारे म्हातारे, हातात बर्फाचा गोळा घेतलेली पोरं. कुणाला काही कळत नव्हतं. शेजारचा स्टॉलवाला मला विचारतो, "हे काय, रग्बी? मग माणसं कमी का?" मी म्हटलं, तेराच असतात, बघा गप्प. फिजीच्या मुली म्हणजे एकेक बुरूज. सुरुवातीलाच पोरीच्या हातून चेंडू निसटला, ती त्याच्यावरून घसरून तोंडावर पडली, आणि बांध हसला. सगळा बांध. माझ्या हातातला झारा थांबला. ती उठली तेव्हा तिने एकदा वर बघितलं, माझ्याकडेच. काय नजर होती ती. मला वाटलं, झालं, ही आता मैदान सोडून जाणार, आणि माझ्यासारखीच वर्षानुवर्षं ही गोष्ट कुणाकुणाला सांगत बसणार.

ती गेली नाही. थोड्या वेळाने फिजीची सगळ्यांत दांडगी पोरगी चेंडू घेऊन सुटली, समोर कुणी नाही, आणि आमची ही आडवी धावत आली आणि तिच्या कमरेत शिरली. दोघी चिखलात. आणि बांध ओरडला. तिचं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून पोरं पाठीवरचा नंबर ओरडायला लागली. "हाचि! हाचि!" म्हणजे आठ. कुत्री भुंकायला लागली. मीही ओरडले, "हाण, पोरी!" वडे करपले. हरल्या त्या शेवटी, चांगल्या सणकून हरल्या. पण माणसं उठली नाहीत.

मॅच संपल्यावर ती स्टॉलवर आली, नखशिखांत चिखल. करपलेला वडा उचलून खाल्ला. "उरुसाकत्ता," म्हणाली. म्हणजे फार गोंगाट होता. तक्रार होती की आणखी काही, मला कळेना. मी विचारणार होते. तुमचंच वाक्य तोंडाशी आलं होतं, कसं वाटलं म्हणून. पण मला भीती वाटली की ही पातेलं आपटेल. ती आणखी एक वडा घेऊन बांधावर गेली. कुणी दोन छोट्या पोरी तिच्या जर्सीला हात लावून बघत होत्या, आणि ती त्यांना लावू देत होती.

हे पत्र मी कुठे टाकणार? इथे कागदाच्या कचऱ्याचा वारसुद्धा ठरलेला असतो. तांदळाच्या डब्याखाली ठेवते. पण तुम्ही दारात विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलं आहे, ते देते. पोरीला मी नेहमी एकच चढाई सांगितली, पडले ती. ती दुसरी होती. पहिल्या चढाईत मी तिघींना शिवून परत आले होते, आणि सगळा बाजार ओरडला होता, तागड्या खाली ठेवून बायका ओरडल्या होत्या. त्यानंतर लगेच माझी पाळी नव्हती, अण्णा. आमच्या कॅप्टनच्या हातापाया पडून मी ती मागून घेतली होती. ते पुन्हा ओरडतील म्हणून.