बारा कळ्या

माय, तुझ्या डोळ्यांबद्दल लिहायचं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी कपाशीचं नाव काढलं की मला टेंभुर्णीजवळचा तो बियाण्याचा प्लॉट दिसतो. दुपार कलली की बायका ओळीला लागायच्या. उद्या उमलणारी प्रत्येक कळी नखानं सोलून आतले परागाचे तुरे काढायचे, म्हणजे सकाळी तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावता येतो. तुरे आत राहिले की बियाण्यात भेसळ. तुझ्या ओळीत ते कधी राहिले नाहीत. सुपरवायझर तुझी ओळ न तपासताच पुढे जायचा.

मला परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जायचं होतं. त्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत मला एकाच भागाची धास्ती होती: अनोळखी परीक्षकासमोर, तो देईल त्या विषयावर, दोन मिनिटं न थांबता बोलायचं. प्रवेशाची मुदत संपत आलेली, दुसरी संधी नव्हती. तुला इंग्रजीचा शब्द येत नव्हता, पण घड्याळ तूच झालीस. "तुझे दोन मिनटं म्हंजी माझ्या बारा कळ्या. बारावीपस्तोर थांबायचं न्हाई." शेजारच्या ओळीतली काकू हसली, "काय वं, पोरगी कपाशीला सायबाची भाषा शिकवून राह्यली का?" तू मान वर न करता म्हणालीस, "कपाशी ऐकती तरी. तू कव्हा ऐकलंस?"

परीक्षेच्या आदल्या दिवसाची दुपार. मी पुन्हा पुन्हा सहाव्या कळीला अडकते आहे. संध्याकाळी पुण्याची गाडी आहे. तू म्हणतेस, "हात रिकामे हायेत म्हून जीभ अडकती. त्या टोकापासून तू सोल, मी हिकडून येते." मी सोलत बोलते, आणि पहिल्यांदाच बारा पुऱ्या होतात. मग आणखी बारा. मध्ये दोन-तीनदा तुरे आत राहिल्याचं बोटांना कळतं. वाक्य तुटेल म्हणून मी मागे वळत नाही. शेवटी तू विचारतेस, "निघले ना सगळे बराबर?"

"बिलकुल."

गाडी चुकू नये म्हणून तू माझा भाग पुन्हा पाहिला नाहीस.

परीक्षकानं विषय दिला: आपल्या कामात तरबेज असलेली एखादी व्यक्ती. मी तुझ्या नजरेबद्दल बोलले. त्यानं हात वर करून थांबवेपर्यंत बोलत राहिले.

परतले तर तू भर दुपारी घरात. तुझ्या ओळीत तुऱ्यांसकट फुलं उमलली होती. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर तुला बाहेर काढलं होतं. "तू बराबर काढलं म्हणलीस, मंग राह्यले ते माझेच. डोळे गेले माझे." आणि लगेच, "ते जाऊ दे. बारा झाल्या का?"

"झाल्या," मी म्हणाले. एवढंच.

तू त्या कामाला पुन्हा गेली नाहीस. सुई ओवायलाही शेजारणीला हाक मारू लागलीस. परदेशातून पहिल्या सुट्टीत आले तेव्हा मी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, नजर चांगली आहे. "त्यांला काय कळतं," तू बाहेर येताना म्हणालीस. मी रिक्षाला हात केला.

हे पान वहीतच राहील. ते टोक माझं होतं, माय. एवढं सांगायला एक कळीही लागली नसती.