मी बुजवलेलं भोक

३ मार्च
आलो एकदाचे नव्या घरात. घर जुनंच, पण आधीच्या मालकाने आतून असं नटवलंय की वय कळू नये. कपडे वाळवायचं मशीन मधोमध. त्याची गरम हवा भिंतीतल्या पाइपातून पुढच्या दाराशी भोकातून बाहेर पडते. दाराशेजारची, त्याच भिंतीला लागून असलेली मोठ्या खिडकीची खोली सासूबाईंना दिली, त्यांना दमा आहे ना. हे नोकरीवर परगावी, महिनाअखेर येतील.

६ मार्च
भोकातून कपड्यांचा भुगा उडून नव्या रंगावर चिकटतो. येणारे-जाणारे बघतात. मशीनला जाळी आहेच, तीत अडकू दे म्हटलं. सिमेंट कालवलं, भोक बुजवलं, वरून रंगाचा हात मारला. जाम खूश आहे स्वतःवर.

१० मार्च
कपडे वाळता वाळत नाहीत. मशीन दोन-दोनदा लावते. आई म्हणतात, उशामागची भिंत गरम लागते, धापा टाकते. मी हसून म्हटलं, तिलाही तुमचा दमा लागला असेल.

१४ मार्च
हॉलमध्ये झोपू का, आईंनी विचारलं. लोक काय म्हणतील, असं सांगून टाळलं. खरं कारण नवा सोफा. ह्यांना फोनवर म्हणाले, आईंना हल्ली भास होतात. आईंनी ऐकलं बहुतेक. जेवल्या नाहीत.

१७ मार्च
आई खोकून खोकून निळ्या पडल्या. पलंग ओढला, भिंतीचा फुगलेला कागद सोलला. मागे पाइपाचा सांधा सताड उघडा. मी बाहेरून तोंड बंद केलं, म्हणून सगळी वाफ, सगळा भुगा त्यांच्या उशाशी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्लग काढला. आईंना सांगायची हिंमत नाही.

१८ मार्च
मशीन बंद — तरी भिंत गरम. कान लावला. आत कुणीतरी श्वास घेतंय. आईंच्याच लयीत. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले. खोलीतली हवा मोकळी करा म्हणाले.

१९ मार्च, दुपार
सिमेंट फोडलं. भोकातून गरम उसासा आला — संपेचना. खिडकीतून पाहिलं तर आईंची छाती खाली, खाली —
भोकावर डावा तळवा दाबला. छाती वर आली.
हात काढला — थांबली.
पुन्हा दाबलाय. वही खिडकीच्या कट्ट्यावर, उजव्या हाताने लिहितेय. फोन आत. हाका मारल्या, कुणी नाही.
तळवा भाजतोय. कातडी —
आईंनी डोळे उघडले. खुणावतायत — काढ हात, भाजेल तुला.
आई, चुकलं माझं. मी हात नाही —