चार सुरांचा पक्षी आणि तुझी तेलाची बाटली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (इथे येऊन कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त निम्माच स्वीकारावा, उरलेला भेटीत घालीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की पाहुणे दिसले की अजून येतो? मी इथे उत्तम आहे. हे वाक्य भावोजींना मोठ्याने वाचून दाखव, कारण मी पंधरवड्यात गाशा गुंडाळून परत येईन असं त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं होतं. त्याला आता काही महिने झाले आणि माझा गाशा अजून पसरलेलाच आहे. (तू येऊन बघितलंस तर 'पसारा' म्हणशील, तो भाग निराळा.)

मी काय बोलून घर सोडलं ते तुझ्या लक्षात असेलच. तू विसरत नाहीस आणि विसरू देतही नाहीस. वरच्या मजल्यावरचा मिक्सर, गल्लीतले हॉर्न आणि माझ्या खोलीच्या बरोब्बर खाली दिवसभर चालणारं तुझं शिवणाचं मशीन, या तिघांच्या कचाट्यात माणसाला चाल सुचणं शक्य नाही, संगीतकाराने झाडापानांत राहिलं पाहिजे, वगैरे वगैरे. त्यावर तू एवढंच केलंस: मी टॅक्सीत बसताना मशीनच्या तेलाची बाटली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "घे. तिथे काही कुरकुरलं तर घाल." पुढच्या सगळ्या भानगडीच्या मुळाशी ही बाटली आहे. म्हणजे थोडा दोष तुझ्याकडेही येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तर निसर्ग. ताई, निसर्गात शांतता असते असं जे म्हणतात ते निसर्गात राहिलेले नसतात. इथे पाण्याच्या टाकीत बेडकांचं एक मंडळ आहे. ते सगळे मिळून एकच सूर धरतात आणि तोही किंचित उतरलेला. मी पेटीवर 'सा' धरून त्यांना वर ओढायचा पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी माझाच 'सा' खाली आला. रातकिडे लयीला पक्के, पण समेवर येण्याचं नाव नाही. पेटीच्या खोक्यात खारीने बिऱ्हाड केलंय, त्यामुळे पेटी उघडीच असते आणि तिच्या भात्यात मुंग्या जातात. या परिस्थितीत मला एका नृत्यनाट्याचं संगीत करायचं होतं. विषय जंगल. नृत्याच्या बाई कडक आहेत. (तुला आवडतील.) त्यांनी निघतानाच बजावलं होतं की प्रेक्षक घरी गुणगुणत जातील अशी एक तरी चाल द्या, नाहीतर मी हे काम तुमच्या शिष्याला देते. शिष्य म्हणजे तोच, जो जेवताजेवता कॉम्प्युटरवर चाली करतो. तुला सांगतो, त्यानंतर मला घास गोड लागेना. झाडाखाली बसलो, ओढ्यात पाय सोडून बसलो, एकदा तर झाडावर चढून बसलो (कंबर तिथेच धरली), पण चाल काही येईना.

आणि मग एका सकाळी, व्हरांड्यात चहा घेत असताना, कुंपणापलीकडून तो पक्षी बोलला. चारच सूर. तीन चढत गेलेले आणि चौथा जरा रेंगाळून खाली उतरणारा, जणू कुणी काही सांगता सांगता 'जाऊ दे' म्हणतंय. माझ्या हातातला कप तसाच राहिला. इतका ओळखीचा वाटला तो आवाज, की डोळ्यांत पाणी आलं. (चहा गरम होता असं मी स्वतःला सांगितलं.) मग रोज सकाळी त्याच वेळेला तो बोलायचा. दिसला मात्र कधीच नाही. मी दुर्बीण घेतली, पक्ष्यांचं पुस्तक मागवलं, अर्धा दिवस झुडपांत डोकं घालून बसू लागलो. पुस्तकात तो नव्हता, तेव्हा हा पक्षी अजून जगाला ठाऊकच नाही असं मी ठरवून टाकलं. त्या चार सुरांवर चाल बांधली आणि पक्ष्याची हकीगत सांगून बाईंना फोनवर ऐकवली. त्या एवढंच म्हणाल्या, "हीच." मी त्या दिवशी ओढ्यापर्यंत पळत गेलो, कंबरेसकट.

आता शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. कुंपणापलीकडे एक निवृत्त दंतवैद्य राहतात. फार सज्जन, गुलाबांचं वेड, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांत बघतात. सकाळी उठून ते बागेच्या टोकाकडून एका लोखंडी चाकाच्या हातगाडीवर खत वाहून आणतात. एकदा मी कुंपणाला लागून कान टवकारून उभा होतो, तर ही गाडी अगदी माझ्या शेजारून गेली. तिच्या चाकाने असा काही टाहो फोडला की माझ्या कानांचे पडदे हलले. मला पहिली काळजी वाटली ती पक्ष्याची; असल्या कर्कश आवाजाने तो बिचारा इथे टिकेल कसा? मी धावत तुझी बाटली आणली, गुडघ्यांवर बसलो आणि चाकाला स्वतःच्या हाताने तेल घातलं. दंतवैद्य इतके गहिवरले की त्यांनी तिथल्या तिथे माझी अक्कलदाढ तपासून दिली.

दुसऱ्या दिवसापासून पक्षी गप्प.

तुझ्या चेहऱ्यावर आत्ता जे हसू आलंय ते मला इथून दिसतंय. पण मला ते कळलं नाही, त्याला मी काय करू? मी मांजरावर आळ घेतला. हवामानाला दोष दिला. पक्षी दूर देशी निघून गेला असं धरून मी विरहाची एक चाल केली आणि खरं सांगतो, ताई, तशी चाल माझ्या हातून आजवर झाली नव्हती. बाईंनी ती फोनवर दोनदा वाजवायला लावली. मग म्हणाल्या की हा पक्षी परत येतो का ते बघायला येत्या रविवारी मी सगळ्या नर्तकींना घेऊन तुमच्या झाडाखाली बसणार. मी मोठ्या आनंदाने 'या' म्हटलं.

आणि काल सकाळी मी चहा घेत असताना पक्षी बोलला. मी अनवाणी धावलो. कुंपणाशी पोचलो तर पक्षी माझ्याच दिशेने येतोय. जसजसा जवळ आला तसतसा त्याचा टाहो झाला, आणि त्याच्या मागून दंतवैद्य आले. चाक पुन्हा कुरकुरायला लागलंय, तुमची ती बाटली मिळेल का, असं विचारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असं होतं," ते म्हणाले, "किडलेला दात एक असतो, कळ भलत्याच दातात येते." मला धीर आला. रविवारी गाडी लांबूनच ढकला, एवढं त्यांना सांगावं म्हणून आज सकाळी गेलो, तर काय? आपण एका कलावंताला इतके दिवस छळलं या विचाराने त्यांना चैन पडेना. त्यांनी कालच गाडीला रबरी चाक बसवून घेतलं आणि जुनं भंगारवाल्याला देऊन टाकलं. ढकलून दाखवली. श्वासाइतकासुद्धा आवाज नाही. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

असो. बाकी सर्व ठीक. हवा छान आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझं पायाचं मशीन भावोजींच्या गाडीत मावतं का? शनिवारपर्यंत ते घेऊन येशील? त्याची पायाखालची पट्टी वर येताना जो आवाज करते तो मी पेटीवर आठवून पाहिला. तेच चार सूर आहेत. शेवटचा जरासा वेगळा, पण बाईंना सांगू की पक्षी प्रवासातून आलाय. तू फक्त दंतवैद्यांच्या गुलाबांमागे बसून पाय हलवायचेस. भावोजींना सांग, गुडघ्यांना इथली हवा चांगली.

ता. क. पाकीट बंद करतानाच बाईंचा फोन आला. रविवारचं येणं रद्द. पक्षी गेला तर गेला, चाल राहिली, असं म्हणाल्या. म्हणजे आता मशीन आणायचं काही कारण उरलं नाही. तरी आण.

ता. क. पक्षी नव्हताच हे कळूनसुद्धा विरहाची चाल मी काल रात्री तीनदा वाजवली. लहानपणी तुझ्या मशीनखालच्या कापडांच्या ढिगावर मी झोपायचो, आठवतं? खाली तू शिवत नसलीस तर मला करमत नाही, ताई. भावोजींना हे वाचून दाखवू नकोस.

आणि निघताना मशीनला तेल घालू नकोस. तशीही बाटली माझ्याकडेच आहे.