शेंगांच्या रानातले घुसखोर

८ एप्रिल
माझ्या लेकाने, ओडुरने, रानात बैल घातले. सख्ख्या बहिणीचा भुईमूग, आत्ता कुठे दोन पानांवर आलेला — सगळा उलथून टाकला. गेल्या साली कुंपण उपटलं, त्याआधी खोपट पाडलं. आमोंगी बांधावरून म्हणाली, "दादा, बैलांना तरी लाज वाटेल असं वाग." तो म्हणाला, "लग्न करून गेलेली लेक पाहुणी. पाहुणी मुक्काम ठोकून बसली की घुसखोर."

मी अंगणात शेंगा फोडत होते. फोडतच राहिले.

९ एप्रिल
रान तिला मीच दिलं. माझ्या नवऱ्याने मला कसायला दिलेलं ते. पोर दोन मुली घेऊन परत आली तेव्हा कुळातला म्हातारा ओगवाल बोलावला. तो हद्दीवरून चालला, तिच्या हातात कुदळ दिली, घरातल्यांनी नाचणीची दारू प्यायली. आमच्यात हेच बक्षीसपत्र. ओगवाल आता मातीत आहे. सांगायला उरले मी.

२ मे
लिरा शहरातल्या कोर्टात दावा लावला ओडुरने. घुसखोरीचा. मला म्हणतो, "आई, तू एवढंच म्हण, आठवत नाही. म्हातारीला कोण विचारतंय?" म्हटलं, "म्हातारी आहे, मडकं नाही." तर नाचणीचा घास मोडत म्हणतो कसा — "जेवतेस माझ्या घरी. आणि उद्या पुरायचं तुला तेही माझ्याच अंगणात."

सबीनाने, त्याच्या बायकोने, माझ्या ताटलीत आणखी वाटाणे वाढले. घास फिरला तोंडात. पण गिळला. तेवढं येतं मला.

१९ जून
न्यायाधीशबाई स्वतः रानात आल्या. बूट चिखलात. झाडं पाहिली, बांध पाहिला. शेजारी म्हणाले, ही कसते ते बघतो, दिलं कुणी ते ठाऊक नाही. मग बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, हे रान हिला कुणी दिलं?"

आमोंगी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. आई बोलणार, खात्रीच होती तिला.

"आठवत नाही," मी म्हणाले.

तेव्हा बघितलं तिने.

सबीना पुढे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "मला आठवतं, बाईसाहेब. त्या दिवशीची दारू मी गाळली. म्हाताऱ्याने कुदळ दिली तेव्हा सासूबाई तिथेच होत्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

ओडुर म्हणाला, "तोंड बंद कर. घरी चल."

"कुठल्या घरी? वन्संच्या लग्नात त्यांच्या सासरहून आलेल्या गाई माझ्या बापाला देऊन आणलंत मला. त्यांना रान नाही, तर मला घर कुठलं?"

बाईंनी सगळं लिहून घेतलं.

डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं माझ्या. तेवढं एक ती खोटं बोलली. मला झाकायला.

२० जून
जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

११ जुलै
निकाल लागला. कुळाच्या रिवाजाने दिलेलं रान आमोंगीचंच, ओडुरने पाय ठेवायचा नाही. संध्याकाळी त्याने सबीनाचं बोचकं दाराबाहेर फेकलं. ती माहेरी गेली नाही, बांध ओलांडून वन्संकडे गेली. जाताना माझं कालवण चुलीवर होतं — करपू नये म्हणून लाकडं मागे ओढून गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

१३ जुलै
ओडुर वरच्या कोर्टात जातोय. "आई, पुन्हा तेच सांगायचं. आता तर पाठच झालंय तुला." हसला वर.

१४ जुलै
चटई उचलली, बांध ओलांडला. ओडुरला निरोप धाडलाय — घुसखोर तिघी झाल्या, नव्या अर्जात लिहून घे. आमोंगी माझ्याशी बोलत नाही. तिळातली एक ओळ दाखवली फक्त, निंदायला.