लाँचच्या नाकातली मोटर

२२ फेब्रुवारी, रविवार
पुतण्या विनीतने मुंबईहून जुनी फायबर लाँच आणून तुडीलला माझ्या ताब्यात दिली, त्याला महिना झाला. आज गावकीची बैठक. मी उभं राहून जाहीर केलं, की शिमग्याची पालखी यंदा सावित्री नदीपलीकडे लाँचमधून जाईल. मग गावकीचे अध्यक्ष महिपतकाका म्हणाले, की लाँच पायऱ्यांना हिसका न देता लागली पायजे, देव हिंदकळता नये. सहा तारखेला लावून दाखव. नायतर हायेच दरवर्षीची मुरारीची होडी.

लाँचच्या नाकात पाण्याखाली आडवी नळी आहे, नळीत पंखा. बटण दाबलं की नाक डावी-उजवीकडे सरकतं. याला बो थ्रस्टर म्हणतात, हे सगळ्यांना समजावलं. त्याची मोटर सध्या बंद आहे, हे समजावलं नाही.

निश्चय : मोटर स्वतः काढणार, स्वतः सर्व्हिस करणार. दोन दिवस पुरे. मी मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षं होतो. स्टोअरमध्ये. बोल्ट मी द्यायचो, बसवायचे दुसरे. ज्ञान तेच.

२३ फेब्रुवारी
मॅन्युअल बहात्तर पानांचं. चाळलं. चित्रं बरी आहेत.

मोटर नाकातल्या खणात. उताणं किंवा पालथं पडून, डोकं खाली घालून काम करावं लागतं. पालथा पडलो. पोट अडकलं. फायबर थंडीत आकसतं, त्याचा परिणाम. सौ.ने पाय धरून ओढलं. म्हणाली, की अवो, घरातला पंखा चार महिने बंद हाय, तो तरी उभ्याने करता येईल. लक्ष दिलं नाही.

२५ फेब्रुवारी, सकाळी ९
मोटरला चार बोल्ट. तीन सुटले. ७५ टक्के काम पूर्ण.

दुपारी १२
बॅटरीची वायर आधी सोडायची असते. पाना लागला, मोठी ठिणगी उडाली, पान्याचं टोक वितळलं. बॅटरी उत्तम स्थितीत असल्याची खात्री झाली.

२७ फेब्रुवारी
चौथा बोल्ट गंजलेला. महाडचा सहदेव पंपाच्या जळलेल्या मोटरी भरून दुरुस्त करतो. तो सहज म्हणून आला होता. (सौ.ने फोन केला होता म्हणे.) त्याने तेल सोडलं, हातोडीने दोनदा टकटक केलं, बोल्ट सुटला. माझ्या देखरेखीखाली.

शेवटचा बोल्ट काढताना मोटरला खालून आधार द्यावा, असं पान ३१ वर आहे. हे रात्री वाचलं, पाय गरम पाण्यात ठेवून. मोटर वीस किलोची आहे.

१ मार्च, रविवार
मोटर मांडीवर घेऊन एसटीने महाड. शेजारच्या बाईंनी विचारलं, की पिठाची गिरणी काय? मी बो थ्रस्टर सांगितलं. त्या उठून मागे बसल्या.

सहदेवच्या दुकानात मोटर उघडली. आतले कार्बनचे ठोकळे झिजून नखाएवढे. नवे घातले, तांब्याचा भाग पॉलिश पेपरने घासला. घासलं त्याने. पण पेपर मी धरला होता, निम्मा वेळ. मग बॅटरीला जोडली. फिरली! काय गोड आवाज! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. सहदेव म्हणाला, की सुनीलभाऊ, आता फक्त बसवा. पाण्याचा थेंब लागता नये. मी हसलो. गोदीतल्या माणसाला पाणी शिकवतो!

५ मार्च, सकाळी ११
मोटर बसवली. चारही बोल्ट. एक वॉशर उरला. कंपनी जादाचे देते.

यंत्र पहिल्यांदा चालू करायचं तर रीतीने. हळद-कुंकू, जास्वंद, अगरबत्ती. नारळ. खणात दगड नव्हता. मोटरचं डोकं मजबूत होतं, त्यावरच फोडला. एका घावात दोन भकलं. चांगला शकुन. नारळही पाणीदार.

११.१०
बटण दाबलं. थोडा धूर. नव्या कार्बनचा असतो. वास खमंग.

११.३०
पुन्हा दाबलं. वास आहे, पंखा नाही.

६ मार्च
गावकीसमोर चाचणी. ओहोटीची ओढ विचित्र होती. लाँच पायऱ्यांना आधी नाकाने लागली, मग कुशीने, मग पुन्हा नाकाने. महिपतकाकांच्या तोंडातलं पान पाण्यात पडलं. ते एवढंच म्हणाले, की मुरारीला सांगा, होडी धुऊन ठेव.

सहदेवने मोटर उघडली. विचारलं, की आत पाणी कसं गेलं? मी म्हटलं, हवेतला दमटपणा. त्याने बोट लावून चाटलं. म्हणाला, की तुडीलचा दमटपणा गोड हाय.

जेवलो नाही. सगळ्या गावाला कळलं. वाईट वाटतंय. मोटरपेक्षा पालखीचं जास्त.

८ मार्च, रंगपंचमी
जाणार नव्हतो. मुरारी सकाळीच दारात. म्हणाला, की होडीच्या नाकावर बांबू घेऊन एक माणूस लागतो, ओढ असली की नाक डावी-उजवी रेटायला. माझा माणूस मुंबईस्नं आला नाय. येतोस का रे? मी तांत्रिक बाजू तपासली आणि लगेच हो म्हटलं. पांढरा सदरा घातला.

ढोल, गुलाल, मागे देव. आणि नाकावर मी! पलीकडच्या पायऱ्या जवळ आल्या. ओढ होतीच. डावीकडे रेटलं. उजवीकडे रेटलं. मग शेवटचा जोर असा लावला, की बांबू चिखलात हातभर रुतला. होडी पुढे गेली. बांबू गेला नाही. मी बांबू सोडला नाही.

होडी पायऱ्यांना अशी लागली, की पालखीपुढच्या निरांजनाची ज्योतसुद्धा हलली नाही. इतकी अलगद आजवर कुणी लावली नव्हती, असं महिपतकाका सगळ्यांना सांगत होते. कमरेएवढ्या चिखलातून मला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.